तिसऱ्या चिंचेला डावीकडे

दोन वर्षांपूर्वी, माघातल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास माझे वडील सोलापुरातल्या आमच्या घरून व्हॅन घेऊन निघाले. हे लिहीपर्यंत ते परत आलेले नाहीत.

तेव्हा त्यांचं वय चौऱ्याहत्तर होतं. अंगात पांढरा सदरा आणि पायजमा, गळ्यात तपकिरी मफलर, पायात चामडी चप्पल. उंची पाच फूट पाच इंच, डाव्या भुवईवर जुना व्रण. भाषा तेलुगू, मराठी आणि कामापुरती हिंदी. हे वर्णन मीच लिहिलं. मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. बेपत्ता माणसांच्या तीन-चार ओळी आमच्या टेबलावर रोज येतात आणि जागा कमी पडली की त्यातलं काय कापायचं हे मला ठाऊक असतं. व्रणाची ओळ मी एरवी कापली असती.

वडिलांचा धंदा चादरी आणि टॉवेलचा. शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवरून माल उचलायचा, गठ्ठे बांधायचे आणि तालुक्याच्या गावांतल्या दुकानांना पोचवायचे. या धंद्यातली माणसं त्याला लाइनवर जाणं म्हणतात. प्रत्येक वाराची एक लाइन ठरलेली. मंगळवारची लाइन मंगळवेढा आणि सांगोला.

धंदा त्यांनी सात वर्षांपूर्वी बंद केला होता. व्हॅन विकली नव्हती. दर मंगळवारी सकाळी ती चालू करायचे, बॅटरी उतरू नये म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत न्यायचे आणि परत आणून लावायचे. याला पंधरा मिनिटं लागत. त्या दिवशी आईनं भाताचा कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, कुकर उतरला, तरी गाडी आली नाही. कोणीतरी बोलायला भेटलं असेल असं समजून ती आणखी तासभर थांबली. मग तिनं फोन लावला. तो आतल्या खोलीत चार्जिंगला होता.

माळ्यावर विकायच्या राहिलेल्या नव्या चादरींचा एक लहान गठ्ठा होता, सहा नगांचा. तो जागेवर नव्हता.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात नोंद केली. हवालदारानं विचारलं, “आजोबा कुठं गेले असतील, काय अंदाज?”

आई म्हणाली, “सांगोल्याला.”

“तिथं कोण आहे?”

“कोणी नाही. आज मंगळवार आहे.”

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी लाइन म्हणजे काय ते सांगितलं. त्यानं लिहून घेतलं.

पुढच्या तीन दिवसांत मी तीनदा सांगोल्याला जाऊन आले. गाडी चालवायला लागून मला बारा वर्षं झाली होती आणि बारा वर्षं मी फोनमधल्या बाईच्या आवाजावर चालवत होते. ती म्हणायची तिथे वळायचे. ती गप्प असली की सरळ. सोलापूरहून निघाल्यावर तिनं मला चौपदरी रस्त्याला लावलं, मंगळवेढ्याला बाहेरून वळसा घातला, सांगोल्याच्याही बाहेरून आणलं आणि मग म्हणाली, तुम्ही पोहोचला आहात. वडील ज्या दुकानांना माल द्यायचे त्यांतली दोन बंद झाली होती. एकात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. कोणी त्यांना पाहिलं नव्हतं. तिन्ही वेळा मी एकाच रस्त्यानं गेले आणि त्याच रस्त्यानं आले.

वर्तमानपत्रातली बातमी वाचून फोन येऊ लागले. एकानं त्यांना पंढरपूरच्या एका लॉजच्या पायरीवर पाहिलं, दुसऱ्यानं त्याच वेळी अक्कलकोटमध्ये. दोन्हीकडे पोलीस जाऊन आले. लॉजच्या पायरीवरचे गृहस्थ पंढरपूरचेच होते आणि त्यांच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी चाचा आले.

चाचा म्हणजे वडिलांचे जुने ड्रायव्हर. वडिलांकडे स्वतःची गाडी नव्हती तेव्हा हे स्वतःचा टेंपो चालवायचे आणि वडील शेजारी बसायचे. रस्ते वडिलांना यांनीच शिकवले. वडील त्यांना उस्ताद म्हणत, ते वडिलांना शेट म्हणत. वय वडिलांपेक्षा दोन वर्षांनी जास्त, एक गुडघा निकामी. आईनं चहा दिला. त्यांनी तो बशीत ओतला आणि मला विचारलं, “कुठं कुठं बघितलं?”

मी फोन उघडून त्यांना निळी रेघ दाखवली.

ते बराच वेळ रेघेकडे पाहत राहिले. “ही बाई कधी सांगोल्याला गेलती का?”

“कुठली बाई?”

“यातली. बोलते ती.”

मी स्क्रीन बंद केली.

“अगे बेटी, हा फोन तुला सांगोल्याला नेतो. तुझा बाप सांगोल्यात नाही. मग कायकू जायचं सारखं सारखं?” त्यांनी चहा संपवला. “शेट फोनच्या रस्त्यानं गेलेच नसतील. ते त्यांच्या रस्त्यानं गेले. तो तुला माहीत नाही. आता फोन आईकडं दे.”

फोन मी आईकडे दिला. चाचा गाडीत शेजारी बसले, निकामी गुडघा हातानं उचलून आत घेतला आणि म्हणाले, “देगावच्या बाजूनं मंगळवेढा रोडला लाग.”

मी सात रस्त्याच्या चौकापर्यंत बरोबर आले. तिथून सात रस्ते फुटतात म्हणूनच त्याचं हे नाव. मी त्यातला एक धरला. चाचांनी पाचेक मिनिटं मला तसंच जाऊ दिलं. मग म्हणाले, “वा. विजापूरला निघाली बेटी.”

मी गाडी वळवली. या शहरात मी जन्मले आहे.

“तुमच्या पेपरात रोज छापता की. इथं अपघात, तिथं चोरी,” चाचा म्हणाले. “ते इथं आणि तिथं कुठं आहे, कधी बघितलं?”

त्या दिवशी आणि त्याच्या पुढच्या दिवशी त्यांनी मला जे शिकवलं ते असं. शहरात गिरणीची चिमणी बघायची, गावाकडे पाण्याची टाकी बघायची, टाकीवर गावाचं नाव रंगवलेलं असतं. समोरून एसटी आली तर पाटी वाचायची. ती जिथून निघाली ते गाव तुमच्या पुढे आहे. येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांना काळी माती असेल तर पुढे काळं रान. मंगळवेढ्याच्या शिवारात जमीन काळी आणि सपाट असते, तेव्हा तिथे ज्वारी काढणीला आलेली होती. माती फिकट व्हायला लागली, बांधावर मुरूम दिसायला लागला, की मंगळवेढा मागे पडलं. डाळिंबाच्या बागा लागल्या की सांगोला जवळ आलं. पाटी नसली तरी चालतं.

कामतीच्या पुढे एका ठिकाणी रस्ता दोन बाजूंना फुटत होता. एका फाट्यावर उसाची कांडकी पडलेली होती. रहदारीचा रस्ता तोच असणार म्हणून मी तो धरला. वीस मिनिटांनी आम्ही साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या रांगेत होतो, पुढे उसाचे ट्रॅक्टर, मागे उसाचे ट्रॅक्टर. बाहेर पडायला पाऊण तास लागला. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं खाली वाकून विचारलं, “ताई, तुमचा ऊस कुटं हाय?” चाचा हसून हसून खोकायला लागले. खोकला थांबल्यावर म्हणाले, “ऊस पडलेला दिसला की तो रस्ता कारखान्याला जातो. गावाला नाही. आता जन्मात विसरायची नाहीस.”

विसरलेले नाही.

रस्ता विचारण्याचा नियम त्यांनी बेगमपूरच्या पुलावर सांगितला. खाली भीमा होती, पाणी बऱ्यापैकी होतं.

“हा रस्ता सांगोल्याला जातो का, असं कधी विचारायचं नाही. माणूस भला असतो. तोंडावर नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं. हौ म्हणतो आणि मोकळा होतो. विचारायचं, हा रस्ता कुठं जातो? मग त्याला सांगावंच लागतं. आणि एकाला विचारून गाडी दामटायची नाही. थोडं पुढं जाऊन दुसऱ्याला विचारायचं. दोघं एकच बोलले तर खरं.”

मी म्हणाले, “आमच्याकडेही दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय बातमी लावत नाहीत.”

“मग तुमचा पेपर असा कसा?”

थोड्या वेळानं ते म्हणाले, “शेटनं हे कधी मोडलं नाही. वीस वर्षं मी शेजारी होतो. एकदा पण नाही.”

उन्हाचा नियम त्याच पुलावरचा. सांगोल्याची लाइन पश्चिमेची. सकाळी जाताना ऊन पाठीवर असतं, संध्याकाळी परतताना पुन्हा पाठीवर. वडील तिला राजाची लाइन म्हणायचे, कारण डोळ्यांवर ऊन येत नाही. “आणि डोळ्यांवर आलं तर?” मी विचारलं. “तर समजायचं, तोंड घराकडं नाही. गाडी फिरवायची,” चाचा म्हणाले.

इथे वर दिलेल्या हकिकतीत एक दुरुस्ती करायला हवी.

त्या मंगळवारी सकाळी साडेनऊच्या थोडं आधी मी घरीच होते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून पुरवणीचं पान तपासत होते. वडील दारात आले आणि तेलुगूत म्हणाले, “सांगोल्याचा रस्ता तोच आहे ना?”

मी एका मथळ्यातला शब्द बदलत होते. मी “हो” म्हणाले.

सांगोल्याचा रस्ता तो नव्हता. तो चौपदरी झाला, दोन्ही गावांना बाहेरून वळसे पडले, कडेची झाडं गेली, या सगळ्याच्या बातम्या माझ्याच हातून छापायला गेल्या होत्या. वडील धंदा बंद केल्यानंतर त्या रस्त्याला गेले नव्हते.

त्याआधीच्या पाच-सहा महिन्यांत त्यांचे घरातले प्रश्नही असेच झाले होते. आज मंगळवार ना? मी चहा घेतला ना? ही आपलीच चप्पल ना? आम्ही हो म्हणत होतो. बहुतेक वेळा ते खरंच असायचं.

पावणेदहाला मी ऑफिसला निघाले तेव्हा व्हॅन दारात नव्हती. गल्लीच्या टोकाला असेल असं मी धरून चालले. गल्लीच्या टोकावरूनच मी गेले. तिथे ती नव्हती, हे मला संध्याकाळी आठवलं.

पोलिसांच्या जबाबात हे नाही. त्यांनी विचारलं नाही. चाचांना मी ते सहाव्या दिवशी, परत येताना सांगितलं. ते म्हणाले, “समोर बघून चालव.”

सातव्या दिवशी चाचांनी मला वडिलांची पहिली थांबायची जागा दाखवली. मंगळवेढ्याच्या पुढे, सांगोल्याच्या अलीकडे, रस्त्याखालून पाटाचं पाणी जाण्यासाठी एक मोरी आहे. “मोरी गेली की डाव्या हाताच्या चिंचा मोजायच्या. तिसऱ्या चिंचेला डावीकडं. आत वाडी. वाडीत एक दुकान. मंगळवारचा पहिला गठ्ठा तिथं पडायचा, मंगळवेढा परतीला. डोळे मिटून सांगतो.”

मोरी सापडली. ती रुंद केलेली होती. पुढे चिंचा नव्हत्या.

चाचांनी गाडी थांबवायला सांगितली. ते उतरले आणि कडेनं लंगडत चालू लागले. मी गाडी हळूहळू त्यांच्या मागे घेत होते. एका पाटीच्या खांबाजवळ ते थांबले. “ही एक.” पुढे लोखंडी कठड्यापाशी थांबले, तिथे काहीच नव्हतं. “ही दोन. हिला ढोली होती. पोपट असायचे.” मग आणखी दोनशे पावलांवर. “ही तीन.” हात वर करून त्यांनी जिथे बोट दाखवलं तिथे मोकळं आभाळ होतं. हात त्यांनी लगेच खाली घेतला नाही.

तिथून डावीकडे वाट होती. वाडी होती. दुकानही होतं. दुकानातल्या बाईनं वडिलांना नावानिशी ओळखलं, सात वर्षांत ते आले नसल्याचं सांगितलं आणि त्यांच्याकडून घेतलेली चादर अजून टिकून आहे असं म्हणाली. शेजारच्या घरात चाचांनी पुन्हा विचारलं. तिथेही उत्तर तेच होतं. परतीला शहरात शिरताना चाचा म्हणाले, “शेट इथं चुकणार नाहीत. माझी मोजणी चुकली का?”

त्यांची मोजणी चुकलेली नव्हती.

आठव्या दिवशी मी ऑफिसला गेले. पान लावताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. चाचांना झाडं कुठे होती ते आठवत होतं, म्हणून त्यांनी नसलेली झाडं मोजली. वडिलांना तेवढं आठवत असतं तर त्यांनी मला रस्ता तोच आहे ना, असं विचारलं नसतं. त्यांना तिसरी चिंच एवढंच आठवत असणार. त्यांनी उभी असलेली झाडं मोजली असतील.

नवव्या दिवशी सकाळी मी चाचांना घेऊन पुन्हा मोरीपाशी गेले. फोन घरी होता. मोरीनंतर डाव्या हाताला पहिली उभी चिंच दोनेक किलोमीटरवर लागली. तिच्या खोडावर जुना पांढरा-तांबडा पट्टा अजून होता. दुसरी बरीच पुढे, एका शेताच्या बांधात, रस्त्यापासून आत. तिसरी मोरीपासून सहा किलोमीटरवर. तिच्याखाली चहाची टपरी होती आणि टपरीला लागून डावीकडे एक रुंद, दाबलेला, चांगला मुरमाचा रस्ता जात होता.

टपरीवाला तरुण होता. चाचांनी दोन चहा सांगितले आणि विचारलं, “गेल्या आठवड्यात इथं कोण कोण थांबलं?”

“लई जन थांबत्यात की चाचा. हायवे हाय.”

“व्हॅन घेऊन?”

तो किटली धरून थांबला. “पांढरी? म्हातारबा? व्हय, आलतं. गाडी चालूच ठिवली हुती. काचंतनं म्हनलं, वाडीला हीच वाट ना?”

“मग तू काय म्हणाला?”

“व्हय म्हनलं.”

“कुठली वाडी?” मी विचारलं.

“आता ते मला काय ठावं, ताई? हिकडं समद्या वाड्याच हायत्या. म्या हितला न्हाय, मावशीकडं आलोय. म्हातारं मानूस, हासून इचारतंय. न्हाय कशाला म्हनायचं?” त्यानं दोघांकडे पाहिलं. “काय झालं का त्यास्नी?”

चाचांनी चहा प्यायला नाही. ‘हीच वाट ना’ हे शब्द त्यांनी टपरीवाल्याकडून आणखी एकदा म्हणवून घेतले. व्हॅन आली ती वेळ विचारली. दुपारचे बारा वाजायला आलेले होते, कारण तो भाकरी खायला बसणार होता.

मुरमाचा रस्ता पाऊण किलोमीटर सरळ दक्षिणेला जातो. तो कोणत्याही वाडीला जात नाही. चौपदरीकरणासाठी मुरूम काढायचा होता तेव्हा डंपरसाठी तो केला होता, आणि डंपर जायचे म्हणून तो वाडीच्या खऱ्या वाटेपेक्षा रुंद आणि चांगला आहे. शेवटी खाण आहे. व्हॅन खाणीच्या काठापासून दहा-बारा फुटांवर उभी होती. हँडब्रेक ओढलेला. काचा वर केलेल्या, दारं कुलूपबंद, किल्ली गाडीत नाही. मागच्या सीटवर गठ्ठा सोडलेला होता. पाच चादरी घडी घालून ठेवलेल्या होत्या. सहावी नव्हती.

चाचा काठाशी गेले आणि खाली पाहून मला हातानंच ये म्हणाले. खाण कोरडी होती. तळाला बाभळीची रोपं उगवलेली होती.

आसपासच्या लोकांनी व्हॅन पाहिली होती. खाणवाल्यांची असेल असं त्यांना वाटलं.

पोलीस आले. पंचनामा झाला. तीन दिवस त्या शिवारातल्या विहिरी, शेततळी, पाटाच्या कडा पाहिल्या. दोन्ही तालुक्यांतले दवाखाने, देवळं, एसटी स्टँड पाहिले. हाती काही लागलं नाही. व्हॅन घरी आणण्याची परवानगी मिळाल्यावर ती मी घरातल्या दुसऱ्या किल्लीनं स्वतः चालवत आणली. आरसा आणि सीट मी हलवली नाही. मला त्यातून मागचं फारसं दिसत नव्हतं.

त्या व्हॅनची बॅटरी उतरू नये म्हणून मी अजून दर मंगळवारी ती काढते. गल्लीच्या टोकाला थांबत नाही.

दुपारी बारा ते संध्याकाळ या वेळातलं काहीच आमच्याकडे नव्हतं. पण पंचनाम्याच्या दिवशी खाणीशेजारच्या रानात चाचांना वाळलेल्या लेंड्यांचा थर दिसला होता. मेंढपाळ खतासाठी शेतात मेंढरं बसवतात, त्याचा तो थर होता. शेतकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, एक कळप तीन रात्री बसवला होता, बुधवारी सकाळी तो पुढे गेला. म्हणजे मंगळवारी तो इथेच होता. कुठे गेला ते त्याला ठाऊक नव्हतं. मेंढपाळाचा नंबर त्याच्याकडे होता, तो लागत नव्हता.

मग आम्ही कळप शोधायला लागलो. दर मंगळवारी, आणि मला सुट्टी मिळेल त्या दिवशी. कळपाचा पत्ता फोनमध्ये नसतो. ज्वारी कुठे निघाली आहे ते बघायचं, कारण मेंढरं मोकळ्या रानात जातात. रस्त्यावरच्या ताज्या लेंड्या बघायच्या. थांबायचं आणि विचारायचं, “मेंढरं कुठं आहेत?” इकडून मेंढरं गेली का, असं नाही. या काळात मी सांगोला तालुक्यातले बरेचसे आडरस्ते चालवले आणि एकदाही तोच रस्ता चुकून दोनदा धरला नाही. चाचांचा गुडघा सुजायला लागला होता, ते आता काठी घेऊन चालत. ते सीट मागे सारून पाय लांब करून बसत आणि नुसते बाहेर बघत.

“चुकले तर सांगा,” मी एकदा म्हणाले.

“चुकशील तेव्हा सांगतो की,” ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी काही सांगितलं नाही.

होळी झाल्यावरच्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी पाचच्या पुढे, सांगोल्याच्या पलीकडे डाळिंबाच्या एका बागेला लागून असलेल्या मोकळ्या रानात तो कळप सापडला. पुरुष माणसं पाण्याच्या टँकरची सोय बघायला गेली होती. दोन बायका होत्या, एकमेकींच्या जावा. थोरली चुलीपाशी होती, धाकटी लांब वाघूर लावत होती. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी.

मी थोरलीपाशी बसले. खाणीची जागा सांगितली आणि विचारलं, “तिथे काय काय पाहिलं?”

“कदी?”

“तिथून उठलात त्याच्या आदल्या दिवशी.”

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. “म्हातारबा हुतं त्ये?”

“सांगा.”

“दुपारधरनं गाडीतच बसल्यालं. आमी म्हनलं, आसंल कुनी सायब, खान बगाय आल्यालं. मग दिस कलला, आमी मेंढरं वळवली, तवा बाहीर आलं. गाडीला कुलूप घातलं, दोनदा वडून बगितलं. खांद्यावर कोरी चादर. माज्याकडं आलं आन् इचारलं, बाई, ही वाट कुटं जाती?”

चाचा माझ्या मागे उभे होते. त्यांची काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला.

“असंच विचारलं?” मी म्हणाले, आणि मग प्रश्न बदलला. “काय शब्द होते?”

“ही वाट कुटं जाती. आसंच की. मी म्हनलं, कुटंच न्हाय जात, बाबा, हितंच संपती. तर हासलं. लई ग्वाड हासलं. म्हनलं, बरं झालं सांगितलंस. मी म्हनलं, कुनाकडं आलाय? त्ये कुटलं बोलतंय. उगं आभाळाकडं बगत हुबं ऱ्हायलं घटकाभर. मग चालाय लागलं. रानातनं.”

“कुठे?”

तिनं हात हलवला. रानात दिशा दाखवण्यासारखं काही नव्हतं, आणि ते रानही हे नव्हतं.

“चालताना ऊन कुठे होतं त्यांच्या?”

“पाठीवर,” ती म्हणाली.

चाचा काठी टेकत धाकटीकडे गेले. तिनं आमचं बोलणं ऐकलेलं नव्हतं. त्यांनी तिला हेच प्रश्न याच क्रमानं विचारले, शेवटचाही. ती म्हणाली, पाठीवर.